गिफ्ट घ्या, पण लेबल वाचून

(दृश्य: जुन्या औषधांच्या दुकानातली तपकिरी बाटली. कॅमेरा हळूहळू लेबलकडे.)

या बाटलीवर कवटी आहे आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘गिफ्ट’. दुकान जर्मनीतलं आहे, तेव्हा हात लावू नका. जर्मन भाषेत गिफ्ट म्हणजे विष. भेटवस्तूला तिथे ‘गेशेंक’ म्हणतात.

इंग्रजीतलं गिफ्ट आणि हे गिफ्ट, दोघं सख्खे भाऊ. इंग्रजी ‘गिव्ह’, जर्मन ‘गेबन’, म्हणजे देणं. जे दिलं ते गिफ्ट. जुन्या जर्मनमध्येही अर्थ एवढाच होता. मग त्यात विष कालवलं कुणी?

संशय जातो वैद्यांवर. ग्रीकमध्ये ‘दोसिस’ म्हणजे देणं. वैद्यानं दिलेली मात्रा, तीही दोसिस. हा शब्द लॅटिनमार्गे आला तेव्हा जर्मनांनी त्याच्या जागी आपला घरचा गिफ्ट बसवला. आता मात्रा औषधाची असते, तशी भलत्याचीही. आणि भलत्याचं नाव कोण घेतं? आपण नाही का रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणत! ‘त्याला काहीतरी दिलं,’ एवढ्यावर सगळे समजून जातात. पुढे ‘देणं’ विरलं, विष तेवढं उरलं. जुना अर्थ एका शब्दात मात्र चिकटून राहिला: ‘मिटगिफ्ट’. मुलीसोबत दिलेलं. हुंडा!

(दृश्य: नॉर्वे. बोटातली साधी सोन्याची अंगठी.)

ही लग्नाची अंगठी. नॉर्वेजियन नाव ‘यिफ्तेरिंग’. लिहिताना तेच गिफ्ट, उच्चारात ‘य’. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, तिन्ही भाषांत गिफ्ट म्हणजे विष आणि गिफ्ट म्हणजे विवाहित. यावरचे विनोद तिथे झिजून गुळगुळीत झालेत, आपण भर घालायला नको. विषाचा अर्थ जर्मनीकडून आला. लग्नाचा अर्थ मुलगी ‘देण्या’तून. आपल्याकडेही विचारतातच की, ‘थोरली कुठे दिली?’ स्वीडनमध्ये विषबाधेवर सल्ला देणारं राष्ट्रीय केंद्र आहे, त्याच्या नावाची सुरुवातही याच शब्दानं होते. ते वधूवर सूचक मंडळ नव्हे.

डचांनी भांडण मिटवलं: ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी, शेवटचा ‘ट’ काढला की विष.

इंग्रजीही लग्नातून सुटलेली नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द वधूसाठी मोजलेल्या किमतीला वापरत, आणि त्याचा उच्चारही ‘यिफ्ट’सारखा होता. आजचा खणखणीत ‘ग’ व्हायकिंगांच्या भाषेतून आला.

(दृश्य: लसीकरण केंद्र. बाळाच्या जिभेवर थेंब.)

आणि तो दोसिस? इंग्रजीतून आपल्याकडे आला, ‘डोस’ होऊन. खरं तर तो आपल्या नात्यातलाच. दोसिस आणि ‘दान’, दोन्हींचा मूळ धातू एक. बाळाला पोलिओचा डोस पाजतात. आणि मोठं झाल्यावर काका पाजतात, उपदेशाचे.