पंधरा लिटरवर जम्बो किती वेळ?

(दृश्य : कोविड वॉर्डाबाहेरचा आरसा, पीपीई किट)

आधी हात धुवायचे. मग शू-कव्हर, आतले हातमोजे, अंगभर झाकणारा कव्हरऑल, एन-९५ मास्क. मास्कवर दोन्ही तळवे धरून जोरात श्वास सोडायचा. नाकाजवळून हवा सुटली तर पट्टी पुन्हा दाबायची. त्यावर गॉगल, हूड, बाहेरचे हातमोजे. आत गेल्यावर ड्यूटी संपेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. बाहेर खान्देशातला मे महिना, आत एसी बंद. गॉगलवर वाफ धरते आणि शीर दिसत नाही. दोन हातमोज्यांतून ती चाचपायला मुरलेला हात लागतो. जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, तीन वर्षं नुकतीच संपवलेल्या मुलीकडे तो कुठून येणार?

किट उतरवताना धोका जास्त. बाहेरचे हातमोजे आधी, मास्क सगळ्यांत शेवटी, दर टप्प्याला हात स्वच्छ. दमलेलं माणूस इथेच चुकतं, म्हणून समोर उभं राहून बघणारं कुणीतरी हवं.

(दृश्य : सिलिंडर, फ्लोमीटर जवळून)

ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधल्या गोळीच्या मध्यावर आकडा वाचायचा. जम्बोत, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये, साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला ५ लिटरने तो तेवीस तास पुरतो, १५ लिटरने पावणेआठ. रात्री आठला लावलेला जम्बो पहाटे पावणेचारला संपणार, आणि हा हिशेब नाइटच्या सिस्टरने डोक्यात ठेवायचा.

२०२१च्या लाटेत नंदुरबार जिल्ह्याने याच कामासाठी ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. खाटेखाटेशी जाऊन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, बघायचं, गरजेपेक्षा जास्त असलेला प्रवाह उतरवायचा, जेवताना मास्क बाजूला ठेवला असेल तर फ्लोमीटर बंद करायचा. काम असं नेमून दिलं की नवी मुलगीही ते चोख करते. नव्या नर्सला उभं करायचं ते असं.

(दृश्य : ड्यूटी बदलताना)

हे ओव्हर देणं, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवणं. खाट, सॅच्युरेशन, प्रवाह, शेवटचं इंजेक्शन किती वाजता, पुढचं कधी. साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स आणि आयसीयूत एकास एक, हे भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण. लाटेत ते मोडलं की पहिली काट ओव्हरलाच बसते, आणि नव्या मुलीचं शिकणं तिथेच तुटतं. ३ मे २०२१ ला केंद्राने जीएनएम, बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना सीनियरच्या देखरेखीखाली कोविड ड्यूटी द्यायला सांगितलं. शंभर दिवस भरले तर सरकारी भरतीत प्राधान्य. पण देखरेख करणारी सीनियर त्याच वेळी दुसऱ्या वॉर्डात अडकलेली.

लाट ओसरली, कंत्राटं संपली, कित्येकींनी ही वाटच सोडली.

(निवेदन थांबतं. रात्रीचा वॉर्ड, मूळ आवाज.)