मतपत्रिकेच्या तळाशी

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या मराठी श्रोत्यांशी आज बोलायचंय ते शाळांच्या बॉन्डबद्दल, म्हणजे शाळांच्या इमारतींसाठी काढायच्या कर्जाबद्दल. विषय रुक्ष आहे खरा, पण खिशाशी संबंध आहे, तेव्हा दहा मिनिटं कान इकडे द्या.

टपालाने मतपत्रिका घरी येते. वरची मोठी पदं आपण उत्साहाने भरतो, मग राज्याची प्रपोझिशन्स, म्हणजे मतदारांनी थेट हो-नाही सांगायचे प्रस्ताव येतात, तिथे जांभया सुरू होतात. आणि अगदी तळाशी असतं एखादं ‘मेझर’. गळकी छपरं दुरुस्त करू, जुनं वायरिंग बदलू, वर्ग सुरक्षित करू, त्यासाठी इतके कोटी डॉलरचे बॉन्ड काढायला तुमची संमती आहे का? हो की नाही?

आता मुलांच्या डोक्यावरच्या छपराला नाही कोण म्हणणार! आणि गरज खरीच असते. इथल्या कित्येक शाळांच्या मैदानात पोर्टेबल वर्ग उभे आहेत. तात्पुरते म्हणून आणलेले, पण ज्या मुलांसाठी आणले ती मुलं आता आईबाप झाली. लाकडी रॅम्पवरून आत जायचं, मुलं धावली की जमीन पोकळ वाजते, आणि एसी सुरू केला की बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.

भूकंपाचाही मुद्दा आहेच. 10 मार्च 1933 ला संध्याकाळी सहाच्या सुमारास लाँग बीचला भूकंप झाला आणि सत्तर शाळा जमीनदोस्त झाल्या. मुलं घरी गेली होती म्हणून बचावली. महिन्याभरात फील्ड कायदा झाला, आणि तेव्हापासून सरकारी शाळांचं बांधकाम राज्याच्या कडक तपासणीखाली चालतं. चांगलंच आहे, पण त्यामुळे बांधकाम स्वस्तात होत नाही.

ऋण काढून सण करू नये, हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं. बॉन्ड म्हणजे ऋणच. स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, बाजारातून पैसे उचलतं आणि पंचवीस-तीस वर्षं आपण ते प्रॉपर्टी टॅक्समधून व्याजासकट फेडतो. या पैशातून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत, फक्त इमारती आणि सामान. पण तीस वर्षं टिकणाऱ्या इमारतीसाठी तीस वर्षांचं कर्ज काढणं मला तरी गैर वाटत नाही. शिवाय राज्याचा निधी हवा असेल, तर बहुतेक डिस्ट्रिक्टना आधी आपला वाटा उभा करावा लागतो. 2024 च्या नोव्हेंबरात मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन 2 चे 1000 कोटी डॉलर आहेत, पण गावाने हात आखडला तर ते दुसऱ्या गावाला जातात.

खरी मेख आहे कराच्या हिशोबात. 1978 च्या प्रपोझिशन 13 मुळे घराची करपात्र किंमत, ते विकलं जाईपर्यंत, वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. समजा, बॉन्डचा दर करपात्र किमतीच्या लाखामागे वर्षाला साठ डॉलर आहे. युनिफाइड, म्हणजे प्राथमिक ते हायस्कूल सगळ्या शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टला, 55 टक्के मतांनी बॉन्ड मंजूर करण्याच्या नियमाखाली (त्याबद्दल पुढे सांगतो) एका निवडणुकीत मागता येणारी ही कमाल मर्यादा. शेजारच्या आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घराची करपात्र किंमत तीन लाख असेल, तर त्यांना वर्षाला 180 डॉलर. तुम्ही तसंच घर परवा वीस लाखांना घेतलंत, तर तुम्हाला 1200. गल्ली तीच, शाळा तीच! आपली बहुतेक मराठी कुटुंबं या दुसऱ्या रकान्यात बसतात. भाडेकरू असाल तर बिल येत नाही, पण घरमालक ते भाड्यात धरतोच.

म्हणून सांगतो, सरसकट हो किंवा सरसकट नाही म्हणू नका. मतदार पुस्तिकेत ‘टॅक्स रेट स्टेटमेंट’ नावाचं एक पान असतं. त्यात व्याजासकट एकूण परतफेडीचा अंदाज दिलेला असतो, तो आकडा आधी बघा. सॅन डिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टने 2011 मध्ये साडेदहा कोटी डॉलर उचलले. चालू कर वाढू नये म्हणून परतफेड सुरू होणार 2033 पासून, आणि फेडायचे जवळजवळ 98 कोटी! या प्रकारानंतर 2013 मध्ये कायदा करून अशा बॉन्डची परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर बांधली गेली. चौपटसुद्धा माझ्या मते फारच.

पूर्वी असे बॉन्ड मंजूर व्हायला दोन तृतीयांश मतं लागत. 2000 सालच्या प्रपोझिशन 39 ने ते 55 टक्क्यांवर आणलं, पण त्या बदल्यात दरवर्षी ऑडिट आणि नागरिकांची देखरेख समिती सक्तीची केली. तरी हजारात 549 हो पडले, तर बॉन्ड पडलाच. म्हणजे तुमच्या एका मताला इथे वरच्या पदांपेक्षा कितीतरी जास्त वजन.

एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या मंडळींना यात मत नाही. मुलं त्याच शाळेत, कर तोच, पण मत नाही. हे सलतं. मात्र देखरेख समितीच्या बैठका सर्वांसाठी खुल्या असतात आणि तिथे नागरिकत्व कोणी विचारत नाही. मागच्या बॉन्डमधलं कोणत्या शाळेचं काम रखडलंय, हे तिथे जाऊन जरूर विचारा.

आणि मत असलेल्यांनी मतपत्रिका भरून झाली की पाकिटावर सही करा. तीही लायसन्सवर जशी आहे तशीच, नाहीतर निवडणूक कचेरीचं पत्र येतं आणि पुन्हा सही पाठवत बसावं लागतं. नमस्कार.