भुतांनाही वेळ ठरवून दिलेली

नमस्कार श्रोतेहो.

ऑक्टोबर निम्मा सरला की आमच्याकडे न्यू जर्सीत मुलांच्या शाळेतून ईमेल यायला लागतात. ३१ ऑक्टोबरला मुलं भुताखेतांची आणि इतर सोंगं घेऊन फिरतात तो हॅलोविन, त्या दिवशी मुखवटा नको. खोटी तलवार, पिस्तूल, रंगवलेलं रक्त, यातलं काहीच नको. वर्गातल्या पार्टीच्या खाऊत शेंगदाणे, काजू, बदाम नकोत. घरी केलेलं तर अजिबातच नको. दुकानातलं, बंद पाकिटातलं, वर सगळे घटक छापलेलं असेल तेच पाठवा. एवढी कलमं वाचून एखादं खरं भूत असलंच तर तेही बिचकून परत जाईल.

२०२४ साली तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली. पहाटे उटणं, तेल, अभ्यंगस्नान, आणि ओल्या केसांनीच लेकीची घाई सुरू. तिला वॉशिंग मशीन व्हायचं होतं. मोठं पुठ्ठ्याचं खोकं, पुढे गोल भोक, त्याला प्लास्टिकचं दार, आत तिच्याच भावाचे चार मोजे लोंबताहेत. कल्पना झकास होती, पण खोकं घालून गाडीत बसता येईना, पट्टा लागेना. म्हणून मशीन डिकीत आणि मुलगी मागच्या सीटवर, अशी वरात निघाली. धाकट्याचं सोपं, तो सांगाडा. त्याच्या बालवाडीच्या वर्गात आणखी दोन सांगाडे आणि मोजता येणार नाहीत इतके स्पायडरमॅन होते.

दुपारी शाळेभोवती मुलांची मिरवणूक निघते. आईबाप कुंपणाला लागून फोन उंच धरून उभे. त्या ऑक्टोबरात राज्यात पावसाचा जवळजवळ थेंब नव्हता आणि हवा तर उन्हाळ्यासारखी. एरवी आम्ही पऱ्यांच्या अंगावर जाड जाकिटं चढवून सगळा थाट झाकून टाकतो. त्या वर्षी सांगाड्याला घाम फुटला. मिरवणूक संपताच वर्गात पार्टी. माझ्याकडे कागदी प्लेट्स आणि ज्यूस आला होता. स्वयंसेवकांच्या यादीत लवकर नाव घातलं की प्लेट्स मिळतात, उशिरा घातलं तर पंचवीस मुलांचे खेळ घ्यावे लागतात. हे ज्ञान कुठल्याही ईमेलमध्ये नसतं.

हा सण आयर्लंड आणि स्कॉटलंडमधून आलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात इथे आणला. तिकडे ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, इथे त्यांना भोपळा सापडला. कोरायला किती सोपा! पण श्रोतेहो, या कोरायच्या भोपळ्याचे घारगे करायला जाऊ नका. गर पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो. बिया मात्र मीठ-तिखट लावून भाजल्या तर मस्त लागतात. कोरलेला भोपळा अंगणात ठेवला की चार दिवसांत खार येऊन त्याचं नाक कुरतडते, ते वेगळंच.

संध्याकाळी खरी धावपळ. दार वाजवत गोळ्या-चॉकलेटं मागत फिरण्याची पद्धत इथे १९३०च्या दशकात रुळू लागली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं तेव्हा ती थंडावली, नंतर पुन्हा जोरात सुरू झाली. नियम साधा. ज्या घराचा बाहेरचा दिवा लागलेला, तिथे जायचं. दिवा बंद असेल तर ओलांडून पुढे. हे कुणी कुठे लिहून लावत नाही आणि कुणी मोडतही नाही. आमच्याकडे संक्रांतीला डबा घेऊन तिळगूळ मागत फिरायचो, त्यात ओळखीची घरं असायची. इथे एरवी वर्षभर ज्यांच्याशी गाडीतून हात हलवण्यापलीकडे संबंध नाही, त्यांचं दार वाजवायचं असतं.

अंधार पडायला थोडा वेळ मिळतो, त्यालाही कायदा कारण आहे. पूर्वी घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जात. २००७पासून ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जातात, त्यामुळे हॅलोविनची संध्याकाळ सहाच्या सुमारापर्यंत उजेडाची राहते. सरकारचा हात याहूनही पुढे पोचलाय. २०१२मध्ये सँडी वादळाने न्यू जर्सीचा किनारा झोडपला, तेव्हा गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी रीतसर आदेश काढून हॅलोविनच ५ नोव्हेंबरवर ढकललं.

आमच्या दारात २०२४च्या त्या संध्याकाळी भोपळाही होता आणि पणत्याही. पहिलीच राजकन्या पायऱ्या चढली आणि तिच्या नायलॉनच्या झग्याची झालर पणतीपासून चार बोटांवरून गेली. लगेच पणत्या उचलून खिडकीच्या कठड्यावर नेल्या. भोपळ्यात बॅटरीचाच दिवा होता. घरात ताज्या चकल्यांचा डबा भरलेला, पण मुलांच्या पिशवीत घरचं काही टाकायचं नाही. मुलांना पाकिटातलं चॉकलेट दिलं आणि मागे फुटपाथवर थांबलेल्या आईबापांपुढे चकल्यांचं ताट केलं. एका आजोबांनी तीनदा हात घातला. माझी वॉशिंग मशीन तिकडे वेगळीच कमाई करत होती: लोक हातातल्या पिशवीऐवजी थेट मशीनच्या दारातून चॉकलेट आत टाकत होते. कोपऱ्यावरच्या घरात चॉकलेटची अख्खी मोठी वडी मिळते, ही बातमी सात वाजेपर्यंत सगळ्या आळीभर झाली होती.

घरी आल्यावर दिवाणखान्याच्या जमिनीवर ढीग ओतायचा, उघडी पाकिटं बाजूला काढायची. चॉकलेटात विष किंवा ब्लेड असेल, ही भीती अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी कित्येक वर्षांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या अशा खाऊने मूल दगावल्याचं एकही पक्कं उदाहरण त्यांना सापडलं नाही. तरीही मी तपासते. नाहीतर आईला त्यातलं निवडून खायला कारण कुठलं मिळणार?

मग भावंडांची अदलाबदल. रीसेस नावाच्या एका पीनट बटरच्या चॉकलेटच्या बदल्यात दोन किटकॅट, यावर बराच वाद झाला. कँडी कॉर्न मात्र कुणालाच नको. मक्याच्या दाण्याच्या आकाराच्या त्या गोड गोळ्या १८८०च्या दशकापासून चालत आल्यात, आणि माझ्या माहितीत त्या आवडीने खाणारं मूल नाही. इथले काही दंतवैद्य हॅलोविननंतर मुलांकडून चॉकलेटं वजनावर विकत घेतात आणि सैनिकांना पाठवतात. आमच्या दवाखान्यात पौंडाला एक डॉलर भाव होता. दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाची रांगोळी काढता काढता, लेकीने आपलं आणि भावाचं सगळं कँडी कॉर्न त्या सैनिकांसाठी एका पिशवीत भरून ठेवलं.