नसलेल्या पायाचे दुखणे

अपघाताला दोन वर्षे होऊन गेलेली असतात. टाके केव्हाच निघालेले, कातडी भरून आलेली, कृत्रिम पायावर चालण्याचा सरावही झालेला. तरीही रात्री अंथरुणाला पाठ टेकली की गुडघ्याखाली नसलेल्या त्या पायाची बोटे तळव्याकडे वळतात, नखे मांसात रुततात, पोटरीतून कळ निघते. चोळण्यासाठी हात आपसूक खाली जातो आणि नुसत्या चादरीवर पडतो.

ही तक्रार जुनी आहे. फ्रेंच शल्यवैद्य आंब्रुआज पारे यांनी सोळाव्या शतकातच ती नोंदवली होती. अमेरिकी यादवी युद्धात फिलाडेल्फियात जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी पुढे १८७१ मध्ये अशा भासमान अवयवाला ‘फँटम लिंब’ हे नाव दिले. हातपाय शाबूत असलेले, पण गोळीने मज्जातंतू दुखावलेले सैनिकही त्यांनी पाहिले. आग इतकी होई की ते हातावर ओले फडके ठेवून बसत आणि काही जण बुटांतही पाणी ओतून घेत.

‘जखम तर भरली, मग दुखते कुठे?’ घरच्यांचा हा प्रश्न स्वाभाविक असतो, पण ऐकणाऱ्याला तो फार लागतो. तुटलेल्या मज्जातंतूच्या टोकाशी गाठ तयार होऊ शकते आणि ती विनाकारण संदेश धाडू लागते. त्या माऱ्याने मज्जारज्जू हळवा होतो. आणि मेंदूतला पायाचा नकाशा पाय गेल्यावरही पुसला जात नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. ती खरी आहे, हे रुग्णाला पटवून देत बसावे लागू नये.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे बहुधा पुऱ्या पडत नाहीत, म्हणून डॉक्टर गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांसारखी, मुळात फेफरे वा नैराश्यावरची औषधे देतात. चिठ्ठी वाचून ‘मला वेडा ठरवले का?’ असे कोणी विचारले, तर त्याला शेजारी बसवून कारण नीट सांगायला हवे.

मद्रासमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात साधा आरसा वापरून पाहिला. तो दोन्ही पायांच्या मध्ये उभा धरतात. धडधाकट पायाचे प्रतिबिंब नेमके हरवलेल्या पायाच्या जागी दिसते. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. रुग्ण आरशात पाहत सावकाश बोटे उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो, आणि काहींना पलीकडची, नसलेली बोटेही सैल होत असल्याचे जाणवते.