फल्लीदाणे खाऊन वजन वाढतं का?

नमस्कार मंडळी! हे बघा, घरी मंद आचेवर भाजलेले फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे. मीठ नाही, तेल नाही. वजनकाट्यावर ठेवते... ३० ग्रॅम. माझी एक मूठ. यात साधारण १७० कॅलरी आणि सातेक ग्रॅम प्रथिनं.

अंबाझरीला सकाळी फिरताना हमखास कुणीतरी विचारतं, "ताई, फल्लीत तर तेल असते न, मग वजन वाढणार नाही का?" तेल असतंच, दाण्याचं जवळपास निम्मं वजन तेलाचंच! पण ते पेशींच्या भिंतींत कोंडलेलं असतं. बदामाचंही तसंच. हा बदाम दातानं तोडला, कडा बघा कशी ओबडधोबड. कितीही चावलं तरी काही कण तसेच राहतात आणि त्यांतलं तेल न पचताच बाहेर जातं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये हे मोजलं. २८ ग्रॅम बदामांच्या कॅलरी हिशेबानं १७० च्या आसपास धरतात, अंगी लागल्या १२९ च. बारीक वाटून बटर केलं की हा फायदा जातो. म्हणून दाणे चावून खा. भाजीत कूट जरूर घाला, पण मग तेवढं तेल कमी करा.

आता खरी गोष्ट. चार वाजता आलूबोंडा खाल्ला आणि वर "तब्येतीसाठी" मूठभर बदाम खाल्ले, तर वजन वाढणारच. दाणे आलूबोंड्याच्या जागी हवेत, सोबत नकोत. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे.

स्पेनमधल्या मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेल्या लोकांना तिथल्या पारंपरिक आहारासोबत रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट दिले. हृदयविकार आणि पक्षाघात मिळून प्रमाण घटलं. अक्रोड परवडत नसतील तर मन खट्टू करू नका, फल्लीही गुणाची आहे.

एक काळजी मात्र घ्या. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात अक्रोड पटकन खवट होतात, ते फ्रिजमध्ये ठेवा. पावसाळ्यात दाण्याला बुरशी लागली तर तिचं विष यकृताला बाधतं. दाणा काळपट दिसला, कडू लागला, की थुंकून टाका. पाच वर्षांखालच्या लेकरांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात.

आणि डबा घेऊन टीव्हीसमोर बसू नका. अशी वाटीत मूठभर काढायची, झाकण लावायचं, डबा परत फळीवर.