बीट बदलला की बोलणंही बदलतं

नमस्कार मंडळी. रॅपर गेल्यानंतर त्याच्या नावावर येत राहणाऱ्या अल्बमांबद्दल आज बोलायचं आहे. एक गल्लत आधी दूर करू. अमेरिकन रॅपर टुपाक शकूर 13 सप्टेंबर 1996 ला लास व्हेगासमध्ये गेला आणि ‘मॅकाव्हेली’ या नावाने त्याचा अल्बम नोव्हेंबरमध्ये आला. नोटोरियस बी.आय.जी. ऊर्फ बिगी या दुसऱ्या रॅपरची 9 मार्च 1997 ला लॉस एंजेलिसमध्ये हत्या झाली आणि ‘लाइफ आफ्टर डेथ’ 25 मार्चला बाजारात आला. हे दोन्ही अल्बम त्यांनी जिवंतपणी पुरे केले होते. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझा प्रश्न आहे तो त्यानंतरच्या अल्बमांचा. कलाकाराने बाजूला ठेवलेल्या, अर्धवट सोडलेल्या ध्वनिमुद्रणांमधून दुसऱ्यांनी उभे केलेले अल्बम.

हे रॅपमध्येच इतकं का होतं? एक कारण कामाच्या पद्धतीत आहे. बीट, म्हणजे शब्दांखालचा ठेक्याचा आणि वाद्यांचा भाग, तयार असतो, रॅपर येतो, लिहितो, माइकसमोर उभा राहतो. टुपाक ऑक्टोबर 1995 मध्ये तुरुंगातून सुटला आणि त्यानंतर त्याला जेमतेम अकरा महिने मिळाले. त्या काळात तो झपाटल्यासारखा रेकॉर्ड करत होता. आवाज टेपच्या वेगळ्या ट्रॅकवर असतो. त्यावरचे दुहेरी टेक (त्याच ओळी पुन्हा म्हणून वर चढवलेला आवाज) आणि मधले उद्गारही वेगळे असतात. म्हणजे बीट बाजूला काढून नुसता आवाज उचलता येतो आणि दुसऱ्याच बीटवर ठेवता येतो.

आणि खरी गडबड इथेच सुरू होते. रॅपर शब्द बोलतो तो बीट ऐकत. ठेका कुठे पडणार हे ओळखून एखादं अक्षर जरा आधी टाकतो, एखादं मुद्दाम मागे रेंगाळू देतो. बेस थांबला तर तोही थांबतो, कारण त्या रिकाम्या जागेत पुढची ओळ जास्त जोरात लागणार असते. आता हाच आवाज वेगळ्या लयीच्या बीटवर बसवायचा तर तो ताणावा किंवा आवळावा लागतो. श्वास कापले जातात. त्याने राखलेल्या थांब्यावर नवा निर्माता सिंथेसायझरचा सूर पसरतो. शब्द तेच राहतात, पण रागाने म्हटलेली ओळ हताश वाटू लागते, थट्टेतली ओळ धमकीसारखी ऐकू येते. बीट बदलायला व्यावहारिक कारणं असतात हे मान्य. जुन्या सॅम्पलची, म्हणजे दुसऱ्या गाण्यातून उचललेल्या तुकड्याची, परवानगी मिळत नाही, किंवा ती महाग पडते, किंवा लेबलला, म्हणजे संगीत कंपनीला, ताज्या बाजाचं काहीतरी हवं असतं. पण यातलं एकही कारण त्या कलाकाराचं नसतं.

टुपाकच्या नावावरचा 2004 चा ‘लॉयल टू द गेम’ घ्या. निर्मिती रॅपर एमिनेमची. टुपाकवर त्याचं प्रेम होतं, त्याबद्दल मला शंका नाही. तरीही त्या अल्बमात टुपाकच्या आवाजाचा वेग आणि पट्टी बदलली गेली आणि तुकडे जोडून त्याच्या तोंडी नव्या काळातले उल्लेखही घातले गेले. आठ वर्षांपूर्वी गेलेला माणूस पुढच्या वर्षाची हाक देतो! मला ते ऐकवत नाही. बिगीच्या 2005 च्या ‘ड्युएट्स’मध्ये तर तो रेगे गायक बॉब मार्लीबरोबर एका गाण्यात आहे. मार्ली 1981 मध्ये गेला तेव्हा बिगी आठ वर्षांचा होता. रॅपमध्ये सोबतचा व्हर्स (कडवं) म्हणजे एकमेकांना दिलेलं उत्तर असतं. इथे दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं ऐकता आलेलं नाही.

मग सगळं कुलूपबंद ठेवायचं का? नाही. रॅपर मॅक मिलर सप्टेंबर 2018 मध्ये गेला आणि त्याचा ‘सर्कल्स’ जानेवारी 2020 मध्ये आला. तो पुरा केला निर्माता जॉन ब्रायनने. मॅक जिवंत असताना दोघं त्याच अल्बमवर काम करत होते, पुढे काय करायचं यावर त्यांचं बोलणं झालेलं होतं. कुटुंबाने हे जाहीरपणे सांगितलं. गाजलेल्या पाहुण्यांची रांग त्यात नाही. रॅप निर्माता जे. डिलाचा ‘द शायनिंग’ही असाच. फेब्रुवारी 2006 मध्ये डिला गेला तेव्हा तो बराचसा झालेला होता आणि करीम रिगिन्स या मित्राने तो पूर्णत्वाला नेला. दोन्हीकडे काम हाती घेणाऱ्याला कलाकाराचं मन ठाऊक होतं. मॅकचा ‘बलूनरिझम’ 2025 मध्ये आला, त्याचं कारणही मला पटतं. 2014 च्या सुमाराचं ते काम चोरवाटेने वर्षानुवर्षं फिरत होतं, आणि ते प्रकाशित व्हावं ही त्याचीच इच्छा होती असं कुटुंबाचं म्हणणं आहे.

काही कलाकारांनी आता आपली इच्छा आधीच नोंदवायला घेतली आहे. गायक-रॅपर अँडरसन पाकने 2021 मध्ये हातावर गोंदवून घेतलं की मी गेल्यावर माझ्या नावाने अल्बम वा गाणी काढू नका, ते नुसते कच्चे नमुने होते. कातडीवर लिहावं लागावं, इतका त्याचा या धंद्यावर अविश्वास!

माझी मागणी साधी आहे. कच्चं ध्वनिमुद्रण कच्चं म्हणूनच द्या, मूळ बीटसह द्या. कोणत्या वर्षीचं आहे, आवाजाला काय केलं, कोणता भाग नंतर जोडला, हे अल्बमवर छापा. श्रोता अपुरं गाणं प्रेमाने ऐकतो. जुन्या टेपवरची खरखरसुद्धा त्याला चालते.

एप्रिल 2024 मध्ये रॅपर ड्रेकने एका गाण्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला टुपाकचा आवाज वापरला. टुपाकच्या वारशाचे हक्क सांभाळणाऱ्यांनी वकिलामार्फत नोटीस दिली आणि ड्रेकने ते गाणं काढून टाकलं. त्यांनी योग्यच केलं. पण ‘लॉयल टू द गेम’ याच वारशाच्या संमतीने निघाला होता. कायदा विचारतो ते एवढंच, की परवानगी कोणी दिली. त्या माणसाने हे कधी म्हटलं होतं का, हे दोन्ही वेळा श्रोत्यांनाच विचारावं लागलं.