टेप कुठून लावायचा?

नमस्कार मंडळी. नाशकात पुराचा विषय निघाला की आधी दुतोंड्या मारुतीच आठवतो, गोदावरीच्या पात्रातली ती दोन तोंडांची उंच मूर्ती. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्यापर्यंत आलं, आणि ते बरोबरच आहे कारण मारुती जागचा हलत नाही. मोजायची खूण पक्की असली की वाद होत नाही. मला आज एवढंच सांगायचंय की आपल्या ओढ्यानाल्यांना अशी पक्की खूणच नाहीये, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

गोदावरीचं त्यामानाने बरं आहे. पाटबंधारे खातं तिच्या दोन पूररेषा आखतं, निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बिल्डिंग नाही, बाग, पार्किंग, उघडा भाजीबाजार असलं चालतं. निळी आणि लाल यांच्या मधे बांधता येतं पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा निदान 45 सेंटीमीटर वर पाहिजे. आता लोक काय करतात, 25 वर्षांतून एकदा हे ऐकतात आणि म्हणतात 2019 ला येऊन गेला ना, मग आता 2044 पर्यंत निवांत. तसं नसतं हो. दरवर्षी शंभरात चार एवढी शक्यता असते आणि ती दरवर्षी नव्याने असते, लागोपाठ दोन वर्षंही तसा पूर येऊ शकतो.

पण माझा जीव अडकलाय तो नासर्डी, वाघाडी या गोदावरीला मिळणाऱ्या छोट्या नद्या आणि त्यांना येऊन मिळणाऱ्या बिननावाच्या ओढ्यांत. नियम त्यांच्यासाठीही आहे, पाण्याच्या काठापासून ठराविक अंतर सोडून बांधायचं. काठ म्हणजे कुठला काठ?

एका लेआउटची मोजणी मी उभं राहून पाहिलीय. मे महिना, ओढ्यात घोट्याएवढं पाणी, दोन्ही बाजूला बेशरमाची झुडपं माजलेली. मोजणीवाल्या पोराने टेपचं टोक त्या धारेच्या कडेला धरलं आणि अंतर मोजून चुन्याची रेघ मारली. मी मान वर केली तर बाभळीच्या फांदीला प्लास्टिकची पिशवी आणि वाळलेल्या गवताचा झुबका लोंबकळत होता, माझ्या खांद्याच्या उंचीवर, मागच्या पावसात तिथपर्यंत पाणी चढलं होतं त्याचा. मी म्हटलं अरे बाबा, काठ इथे आहे, टेप इथून लाव. तो म्हणाला काका, नकाशात जे आहे तेच आम्ही धरतो. त्याची चूक नव्हती, पण चुन्याची रेघ पडली ती चुकीच्याच जागी, आणि आज तिथे कंपाउंडची भिंत आहे आणि जोराचा पाऊस झाला की पार्किंगमधे गुडघाभर पाणी.

दुसरी गोष्ट म्हणजे नाला वळवणं. नियमात सोय आहे, नीट काठ नसलेला छोटा नाला तुमच्याच जागेत थोडा सरळ करून घेता येतो, फक्त पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची जागा बदलायची नाही. होतं काय, दोन्ही टोकं जागेवर राहतात आणि मधला नाला पाइपात जातो. वरच्या बाजूला शेतं होती तोवर निम्मं पाणी जमिनीत मुरायचं, आता तिथे स्लॅब, पेव्हर ब्लॉक आणि डांबर, सगळं पाणी एकदमच येतं, आणि येताना थर्माकोल, फांद्या, गाद्यासुद्धा घेऊन येतं. पाइप तुंबला की पाणी रस्त्यावर. हे काही नवीन नाहीये, सराफ बाजारात बघा ना, सरस्वती नाला आपण झाकून टाकला, डोळ्याआड गेला, पण पाऊस झाला की तो दुकानांत शिरून आपली आठवण करून देतोच. उघडा नाला घाण दिसतो, वास येतो, मान्य, पण उघडा असेल तर साफ तरी करता येतो.

मागून एका ताईंनी विचारलंय की आमच्या सातबाऱ्यावर ओढ्याचा उल्लेखच नाही मग काय करायचं. ताई, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, असतो ना, त्यातला ‘ब’ बघा, नाले, रस्ते, स्मशानभूमी यांच्याखालची जमीन त्यात धरलेली असते. शिवाय जुना गाव नकाशा काढा, ओढ्याची रेघ बहुतेक त्यात सापडते. आणि जमीन महसूल संहिता, 1966 ची, तिचं कलम 20 वाचा, कुणाची खाजगी मालकी सिद्ध होत नसेल तर नद्या, ओढे, नाले आणि त्यांचं पात्र सरकारचं असतं. प्लॉट विकत घेतला म्हणून ओढा विकत मिळत नाही.

हे सगळं लेआउट मंजूर व्हायच्या आधी करायचं, कारण एकदा प्लॉटला नंबर पडले, लोकांनी कर्ज काढलं, की मग कुणालाच मागे हटता येत नाही, आणि त्या माणसाला तरी आपण काय सांगणार. म्हणून येत्या जुलैत मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळीच आपल्या ओढ्यावर जा, कचरा कुठवर अडकलाय ते बघा, शेजारी काठी किंवा माणूस उभा करून तारखेसकट फोटो काढा आणि दरवर्षी त्याच जागेवरून काढा. प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरात कुठे काय होणार याचा कच्चा नकाशा, निघाला की हरकतीला 30 दिवस मिळतात, तेवढ्यात नवीन फोटो मिळायचा नाही, तेव्हा पाऊस असेलच असं नाही.